विंचवाचा रुग्ण आणि खोऱ्यातला डॉक्टर

लाल विंचवाच्या दंशात जीव जातो तो वेदनेने नव्हे. विषामुळे ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम उतरतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी साचते. भोर आणि वेल्हे (आता कागदोपत्री राजगड) तालुक्यांतल्या डॉक्टरच्या हातात असतात ते हेच मधले तास.

पावसाआधी घर शाकारायला उतरवलेली कौले, सरपण, गोवऱ्यांची रास, बांधावरचे दगड अशा आडोशाला विंचू असतो. तो निशाचर असल्याने रुग्ण बहुतेकदा अंधार पडल्यावरच येतो. भाटघर, नीरा-देवघर आणि गुंजवणी धरणांच्या पाण्यामुळे समोर दिसणारे गावही वळसा घालून गाठावे लागते. त्यातला काही वेळ विंचू उतरवणाऱ्याच्या दारातही जातो. त्याच्या हाताला गुण येतो, कारण बरेच दंश जेमतेम विषारी असतात आणि आपोआपच शमतात. शहाणा डॉक्टर त्याच्याशी भांडत बसत नाही. कोणता रुग्ण क्षणभरही थांबवू नये, एवढे मात्र समजावून ठेवतो.

तपासणी दंशाच्या जागेपासून सुरू होत नाही. डॉक्टर आधी तळहात आणि तळपाय चाचपतो. दंशाची जागा पेटल्यासारखी ठणकते आहे, रुग्ण ओरडतो आहे, पण हातपाय उबदार आहेत, तर धोका सहसा कमी. उलट दुखणे फारसे नाही, पण अंग घामाने निथळते आहे, उलट्या होत आहेत, हातपाय गार पडले आहेत, तर विष अंगात भिनले आहे. मुलग्यांमध्ये आणि पुरुषांमध्ये शिश्न ताठरणे हेही महत्त्वाचे लक्षण. लाजेपोटी घरचे लोक ते सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरला स्वतःच पाहावे लागते. नातेवाइकांना शांत पडलेला रुग्ण बरा वाटतो. डॉक्टरला त्याचीच जास्त काळजी असते.

विष भिनलेल्या रुग्णाला आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी तोंडाने दिली जाते: वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब अचानक उतरू शकतो, त्यामुळे रुग्णाला आडवेच ठेवायचे. रडणारे मूल आईने खांद्यावर उभे धरू नये, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. उलटी आणि घामाने गेलेले पाणी भरून काढायचे. ॲट्रोपीन टाळायचे, कारण त्याने अपाय होतो. बाकी काम पाहत राहण्याचे: नाडी, रक्तदाब, श्वास, आणि पुन्हा तळपाय.  

हे उपचार जिथे घडले ते ठिकाण फार दूर नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाडच्या वाटेवर बिरवाडी लागते. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी गरिबीत वाढलेला हा तरुण नागपूरला एमबीबीएस झाला होता. विंचवाच्या रुग्णांवर तेव्हा नेमका इलाज नव्हता. बावस्कर खाटेशी बसून प्रत्येकाच्या घामाची, नाडीची, रक्तदाबाची नोंद ठेवत गेले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी धोक्याची पूर्वलक्षणे मांडली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध हवे, हे कळल्यावर आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून झाले. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने, सतत रक्तदाब मोजत द्यावे लागते, आणि खेड्यात ते अवघड. प्राझोसिन स्वस्त, आणि तोंडाने घेण्याजोगे. त्यावरचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. आधी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण खूपच खाली आले.

पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडच्या रुग्णालयात त्यांनी हे काम पुढे नेले. २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या चाचणीत ७० रुग्ण होते. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले; नुसत्या प्राझोसिनवर ठेवलेल्या ३५ पैकी ८. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतच आहे.

लस शिरेतून द्यावी लागते, तिची ॲलर्जी येऊ शकते, त्यामुळे रुग्णालय गाठावेच लागते, आणि ती लवकर दिली तर तिचा उपयोग जास्त. म्हणून दूरच्या वाडीतून निघालेल्या रुग्णाला वाटेतल्या पहिल्या डॉक्टरने गोळी देऊन, आडवे निजवून, मगच रुग्णवाहिकेत चढवायचे असते. सोबतच्या चिठ्ठीवर गोळीची वेळ आणि हातपाय गार होते की गरम, हे दोन्ही लिहिलेले असावे लागते, कारण पुढची मात्रा त्यावरच ठरते.