फिलोव ‘बिचारा प्राध्यापक’ नव्हते

दुसऱ्या महायुद्धातल्या बल्गेरियाचा विषय निघाला की पंतप्रधान बोग्दान फिलोव यांच्याबद्दल एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘बिचारा प्राध्यापक! जर्मनीत शिकलेला, पुस्तकांत रमणारा. हिटलरनं दम दिला आणि त्यानं सही केली.’

विद्वत्तेबद्दल वाद नाही. डॅन्यूबकाठच्या मोएसिया प्रांतातल्या रोमन सैन्यावर त्यांनी जर्मन भाषेत लिहिलेला प्रबंध १९०६ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते सोफियाच्या पुरातत्त्व संग्रहालयाचे संचालक झाले, मग विज्ञान अकादमीचे अध्यक्ष. पण १९३८ मध्ये शिक्षणमंत्री आणि फेब्रुवारी १९४० मध्ये पंतप्रधान झालेल्या माणसाला राजकारण कळत नव्हतं, हे कोणी सांगितलं?

साध्या तारखा लावून पाहा. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मनीच्या पाठिंब्यानं दक्षिण दोब्रुजा बल्गेरियाला परत मिळाला. त्याच हिवाळ्यात फिलोव सरकारनं ज्यूंचे हक्क काढून घेणारा ‘राष्ट्रसंरक्षण कायदा’ संसदेत मंजूर करून घेतला. जानेवारी १९४१ मध्ये तो लागूही झाला. जर्मनी, इटली आणि जपानच्या त्रिपक्षीय करारावर फिलोव यांनी व्हिएन्नात सही केली १ मार्च १९४१ रोजी, आणि जर्मन फौजा देशात शिरल्या त्याच सुमारास. म्हणजे कायदा आधी, फौज नंतर! जर्मन दबाव होता, पण भूभागाची अभिलाषाही होती. त्या वसंतात ग्रीसचा थ्रेस आणि युगोस्लाव्हियाचा मॅसिडोनिया बल्गेरियाच्या ताब्यात आला.

तरीही शंका असेल तर मार्च १९४३ पाहा. वीस हजार ज्यू जर्मनांच्या हवाली करण्याच्या कराराला फिलोव यांच्या मंत्रिमंडळानं मान्यता दिली. संसदेचे उपाध्यक्ष दिमितर पेशेव यांनी ४३ सदस्यांच्या सह्यांचं निषेधपत्र त्यांच्याकडे पाठवलं. फिलोव यांनी काय केलं? पेशेव यांनाच पदावरून दूर करवलं. असहाय माणूस असं वागत नाही.

‘बल्गेरियानं सगळे ज्यू वाचवले’ हेही अर्धसत्य. जुन्या सीमांच्या आतले सुमारे ४८ हजार वाचले, ते पेशेव, मेट्रोपॉलिटन स्तेफान आणि किरिल यांच्यासारख्यांच्या विरोधामुळे.

‘बल्गेरिया रशियाशी लढला’ हे तर साफ चूक. त्यानं युद्ध पुकारलं ते ब्रिटन-अमेरिकेविरुद्ध, डिसेंबर १९४१ मध्ये.

‘सगळं राजा बोरिसनं केलं’? राजाची जबाबदारी मोठीच, पण तिनं पंतप्रधानाची कमी होत नाही.

‘ते निर्दोष ठरले’ असं सांगणारे १९९६ च्या निकालाकडे बोट दाखवतात. कम्युनिस्टांच्या ‘लोकन्यायालया’नं फेब्रुवारी १९४५ मध्ये फिलोव यांना मृत्युदंड दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, हे खरं. त्या लोकन्यायालयाच्या कारभारावरचे आक्षेप मलाही रास्त वाटतात. पण थ्रेस, मॅसिडोनिया आणि सर्बियातल्या पिरोतमधून ११,३४३ ज्यू माणसं त्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीकडे पाठवली गेली, तेव्हा बल्गेरियाचे पंतप्रधान डॉ. बोग्दान फिलोव होते.