अर्ज आधी कोण वाचतं?

नोकरीचा अर्ज थेट साहेबांच्या टेबलावर जातो, ही समजूत आता जुनी झाली. मोठ्या कंपन्यांत तो आधी अर्जांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पडतो. ते कारकुनी वळणाचं: नाव, शिक्षण, अनुभव वेगळं काढायचं आणि रकान्यांत भरायचं. एआय एजंट त्याच्या पुढे जातो. ‘पुण्यासाठी जावा येणारे ५ जण हवेत’ एवढं सांगितलं, की तो अर्ज चाळतो, क्रम लावतो, उमेदवाराला मेल पाठवतो, त्याच्या आणि मुलाखत घेणाऱ्याच्या कॅलेंडरमधली मोकळी वेळ शोधून मुलाखतही ठरवतो. दर पायरीला माणसाने बटण दाबायला नको.

वेळा जुळवायचं काम त्याला खुशाल द्यावं. निवडीचं मात्र जपून. अ‍ॅमेझॉनने २०१४ पासून अर्जांना १ ते ५ तारे देणारी प्रणाली बनवायला घेतली. शिकण्यासाठी तिला १० वर्षांचे जुने अर्ज दिले. त्यांत बहुतेक पुरुषांचे. झालं! अर्जात ‘महिला’ हा शब्द आला, अगदी महिला बुद्धिबळ क्लबच्या कप्तानपदाचा उल्लेख असला, तरी गुण कमी होऊ लागले. तसं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटी कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. २०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने हे उघड केलं. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून अशा साधनांची त्रयस्थाकडून पक्षपात-तपासणी सक्तीची आहे.

आपला अर्ज आधी यंत्रच वाचणार असेल, तर तो साध्या मांडणीत पाठवा. चित्रं आणि दुहेरी रकाने यंत्राला नीट वाचता येतातच असं नाही.