रोजमेळात न येणारी खाती

स्वारगेट, मुकुंदनगर, मार्केट यार्ड या परिसरातील व्यापारी कुटुंबांना दुकान वाढवून सहकुटुंब चित्रपटाला जाणे कधीच सोपे नव्हते. लक्ष्मीनारायण चित्रपटगृह जवळ असले तरी सर्वांची वेळ जुळणे कठीण असे. आता ओटीटीमुळे चित्रपट थेट दिवाणखान्यात आला आहे. मात्र चित्रपटगृहाच्या अंधारात कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटले ते दिसत नसे. घरी सासरे, मुलगा, सून आणि उपवर मुलगी शेजारी बसलेली असतात. अशा वेळी कौटुंबिक चित्रपट केवळ करमणूक राहत नाही. या दृष्टीने गेल्या काही वर्षांतील तीन हिंदी चित्रपट आवर्जून पाहण्याजोगे आहेत.

झी फाइव्हवर फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला आरती कडव दिग्दर्शित ‘मिसेस’ हा ‘द ग्रेट इंडियन किचन’ या मल्याळम चित्रपटावर आधारित आहे. सान्या मल्होत्राने साकारलेली नवविवाहिता नृत्यात निपुण आहे; सासरी मात्र तिचा दिवस स्वयंपाकघरातच सरतो. चटणी मिक्सरमधली नको, पाट्यावरचीच हवी, असे सासरे सांगतात, तेही अत्यंत सौम्य शब्दांत. चित्रपटाचे बळ या सौम्यतेत आहे. त्या घरात कोणी हात उगारत नाही, म्हणूनच तिची घुसमट कोणाला दिसत नाही. पुरुषपात्रे काहीशी एकसुरी झाली आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण तेवढ्याने प्रश्न खोटा ठरत नाही. काही प्रसंग पती-पत्नीच्या खासगी जीवनातील असल्याने मुलांना सोबत बसवण्यापूर्वी पालकांनी चित्रपट स्वतः पाहावा.

उमेश बिष्ट यांचा ‘पगलैट’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेल्या संध्याला रडू येत नाही. पतीच्या पन्नास लाखांच्या विमा पॉलिसीवर केवळ तिचेच नाव आहे हे कळताच नातलगांची भाषा पालटते. काल ओझे वाटलेली सून आज सर्वांना हवीशी होते. प्रारंभीचा विनोद पुढे अंगावर येतो. विम्यावर, ठेवीवर कोणाचे नाव लावले आहे, हे घरात वेळीच बोलले जावे, हा बोधही त्यातून सहज मिळतो.

तिसरा ‘थ्री ऑफ अस’. अविनाश अरुण यांचा हा चित्रपट २०२३ मध्ये चित्रपटगृहांत आला व नंतर नेटफ्लिक्सवर. स्मृती हळूहळू हरपत चाललेली शैलजा पतीसह बालपणीच्या वेंगुर्ल्याला जाते आणि शाळकरी मित्र प्रदीप कामत याला भेटते. स्वारगेटहून एस.टी.ने कोकणात जाणाऱ्यांना ते रस्ते, ती घरे ओळखीची वाटतील. शेफाली शाह व जयदीप अहलावत यांचा अभिनय अत्यंत संयत आहे; पण मोठेपणा दिसतो तो दोघांच्या जोडीदारांत. मनात सल असूनही ते ही भेट अडवत नाहीत. गती संथ आहे. घाई असणाऱ्याने हा चित्रपट रविवारी पाहावा.

व्यापारी घरात रुपयाची नोंद रोजमेळात होते, महिनाअखेरीस खतावणीही जुळते. घरातल्या बाईचे श्रम, तिचा मान आणि तिच्यावरचा विश्वास यांना मात्र त्या वहीत खाते नसते. हे तीन चित्रपट नेमकी तीच खाती उघडतात. चित्रपट संपल्यावर लगेच दूरदर्शन संच बंद करून झोपायला न जाता घरातील सुनेला तिचे मत विचारावे आणि ते पूर्ण ऐकून घ्यावे. थकबाकी किती आहे, ते तेव्हाच कळेल.