सुट्टीच्या दिवशी शाळा कशाला?

आमच्या शाळेत दरवर्षी २ ऑक्टोबरला गांधी जयंती साजरी होते. या वर्षीही झाली. त्या दिवशी सकाळी मी वेणी घालून निघाले तर आबा म्हणाले, "आज ते सुट्टी शे ना, मंग शाळामा कसाले जास? कापूस वेचाले चाल." मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. म्हणून मी गुरुजींना विचारले, पुस्तकात पाहिले आणि हा लेख लिहिला.

आपल्या देशाचे राष्ट्रीय सण तीन आहेत. २६ जानेवारी हा प्रजासत्ताक दिन, १५ ऑगस्ट हा स्वातंत्र्य दिन आणि २ ऑक्टोबर ही गांधी जयंती. या तीन दिवशी साऱ्या देशात सुट्टी असते. जयंती म्हणजे जन्माचा दिवस आणि पुण्यतिथी म्हणजे वारल्याचा दिवस. पुष्कळ मुले यात चुकतात. मी पण चुकत होते.

महात्मा गांधींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातमध्ये पोरबंदर येथे झाला. त्यांचे पूर्ण नाव मोहनदास करमचंद गांधी. त्यांनी हातात शस्त्र न घेता इंग्रजांशी लढा दिला. सरकारने मिठावर कर बसवला होता. म्हणून १९३० साली ते साबरमतीहून दांडीपर्यंत २४ दिवस पायी चालत गेले आणि समुद्राकाठचे मीठ उचलले. मीठ तर गरिबाच्या भाकरीतही लागते, म्हणून ही गोष्ट सगळ्यांना पटली. २००७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २ ऑक्टोबर हा जगाचा अहिंसा दिन ठरवला.

याच तारखेला आणखी एका पुढाऱ्यांचा जन्म झाला. ते म्हणजे लालबहादूर शास्त्री. त्यांचा जन्म १९०४ सालचा, उत्तर प्रदेशात मुगलसराय येथला. ते रेल्वेमंत्री असताना १९५६ साली मोठा रेल्वे अपघात झाला, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे ते पंतप्रधान झाले. १९६५ साली लढाई होती आणि धान्यही कमी होते. तेव्हा त्यांनी लोकांना आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायला सांगितले आणि "जय जवान, जय किसान" ही घोषणा दिली. माझे आबा किसानच आहेत. म्हणून मला ही घोषणा जोरात द्यायला आवडते.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट सांगते. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर गांधीजींनी इंग्रजांना 'चले जाव' सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना पकडले. पण लोक थांबले नाहीत. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारला मुलांनी मिरवणूक काढली. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता हातात झेंडा घेऊन होता. तो फक्त १५ वर्षांचा होता. पोलिसांनी बंदुका रोखल्या तरी त्याने झेंडा सोडला नाही, असे सांगतात. गोळीबारात शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. नंदुरबारला त्यांचे स्मारक आहे.

नंतर २ मार्च १९४३ ला तळोदा तालुक्यात रावलापाणी येथे इंग्रजांनी आदिवासी लोकांवर गोळ्या झाडल्या. ते लोक संत गुलाम महाराजांच्या मार्गाने चालणारे, दारू सोडलेले होते. पाठाच्या पुस्तकात सगळी नावे मावत नाहीत, पण आपण आपल्या जवळची नावे तरी विसरू नयेत असे गुरुजी म्हणतात.

आमच्या शाळेत २ ऑक्टोबरला काय काय होते ते सांगते. आदल्या दिवशी आम्ही मुली वर्ग शेणाने सारवतो आणि मुले पटांगण झाडतात. सकाळी प्रभात फेरी निघते. पुढे झेंडा, मागे आम्ही दोन ओळीत. पाटलांच्या वाड्यापासून पाड्यापर्यंत घोषणा देत जातो. म्हाताऱ्या बाया दारात उभ्या राहून बघतात. मग दोन्ही पुढाऱ्यांच्या तसबिरींना झेंडूच्या फुलांचे हार घालतात. तीन-चार मुले भाषण करतात. या वर्षी मी पण केले. मध्येच मी विसरले, पण कोणी हसले नाही. शेवटी हापशाभोवतीचा चिखल सगळ्यांनी मिळून काढला आणि खाऊ मिळाला.

गांधीजींची पुण्यतिथी ३० जानेवारीला असते. १९४८ साली त्या दिवशी दिल्लीत त्यांना गोळ्या घातल्या. तो हुतात्मा दिन असतो. सकाळी ११ वाजता सगळे दोन मिनिटे जागच्या जागी स्तब्ध उभे राहतात. पण मागच्या ३० जानेवारीला मी शाळेत नव्हते. दिवाळीनंतर आई-आबा गुजरातमध्ये बारडोलीकडे ऊसतोडीला गेले, तेव्हा मला पण नेले. पडावावर मी लहान भावाला सांभाळत होते आणि पाणी भरत होते. आई-आबा पहाटे अंधारात कोयता घेऊन जात. ११ कधी वाजले ते मला कळलेच नाही. तिथे कोणी थांबले नाही.

परत आले तेव्हा वर्गाचे पुष्कळ धडे पुढे गेले होते. त्यात बारडोलीचा धडा होता! १९२८ साली तिथल्या शेतकऱ्यांनी वाढवलेला सारा भरला नाही. वल्लभभाई पटेल त्यांचे पुढारी होते आणि तिथेच त्यांना सरदार म्हणू लागले. म्हणजे मी त्याच गावाजवळ चार महिने राहिले आणि मला काहीच माहीत नव्हते. मला फार वाईट वाटले.

म्हणून आबांच्या प्रश्नाचे उत्तर मला आता येते. सुट्टी ही काम बंद ठेवायला नसते, आठवण ठेवायला असते. आणि आठवण ठेवायची तर आधी माहिती पाहिजे. ती शाळेत मिळते.

आमच्या वर्गात २१ मुले आहेत. दिवाळीनंतर त्यातली सात-आठ जाणार. आबांनी उचल घेतली आहे, म्हणून त्यांना जावेच लागेल. आजी म्हणते, पोरीला माझ्याजवळ ठेवा. पण मग भावाला पडावावर कोण बघेल, असे आई म्हणते. ते पण खरे आहे. अजून काही ठरले नाही.

आज पालक शाळेत येणार आहेत. आबांना वाचता येत नाही, म्हणून हा लेख मी त्यांना इथे उभी राहून वाचून दाखवणार आहे. इतर पालकांनीही ऐकावा ही विनंती. ३० जानेवारीला ११ वाजता मला माझ्या वर्गात उभे राहायचे आहे.

जय जवान, जय किसान!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी