पौल पेत्रावर का चिडला? तारण विश्वासाने की नियमशास्त्राने?

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा वाटतो. ख्रिस्ती माणसाचं तारण कशाने होतं, येशूवर विश्वास ठेवल्याने की देवाने दिलेले नियम पाळल्याने? ऐकलं की वाटतं, हा मेल्यानंतरचा, स्वर्ग-नरकाचा विषय असणार. पण नव्या करारात या प्रश्नावरचं सगळ्यात गाजलेलं भांडण जेवणाच्या पंगतीत झालं. आपण तिथूनच सुरुवात करू.

अंत्युखियातली पंगत

अंत्युखिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. पहिल्या शतकात हे रोमन साम्राज्यातलं मोठं, गजबजलेलं शहर होतं. येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा इथेच पडलं, असं ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिलंय. इथल्या मंडळीत यहुदी होते आणि परराष्ट्रीयही होते, म्हणजे यहुदी नसलेले ग्रीक वगैरे लोक. सगळे एकत्र जेवायचे. येशूचा पट्टशिष्य पेत्र तिथे आला, तोही त्यांच्यात बसून जेवायला लागला.

मग यरुशलेमहून, याकोबाकडून, काही माणसं आली. हा याकोब येशूचा भाऊ आणि यरुशलेममधल्या मंडळीचा प्रमुख. ती माणसं आल्यावर पेत्र हळूहळू मागे सरकला आणि वेगळा बसायला लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदीही उठले. पौलाचा जुना सोबती बर्णबा, तोसुद्धा उठला. तेव्हा पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं. ही हकीकत स्वतः पौलानेच गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे.

याला आपल्याकडे चपखल शब्द आहे, पंक्तिभेद. पेत्राने कुठलाही नवा सिद्धांत मांडला नव्हता. तो फक्त जागेवरून उठला. पण समोरच्या ग्रीक माणसाला त्याचा अर्थ काय लागणार? ‘तुझा विश्वास ठीक आहे रे, पण आमच्या शेजारी बसायला अजून काहीतरी कमी आहे.’ पौलाचा राग त्या ‘अजून काहीतरी’वर होता.

ती माणसं हट्टी होती का?

इथे आपण यरुशलेमहून आलेल्यांना पटकन व्हिलन करून टाकतो. तसं करू नका. नियमशास्त्र, म्हणजे मोशेच्या द्वारे मिळालेली आज्ञांची परंपरा, त्यांच्यासाठी नुसती कर्मकांडं नव्हती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात चौथा अंतियोखस या सेल्युकिड राजाने सुंता आणि शब्बाथ पाळण्यावर बंदी घातली होती. ती मोडली म्हणून लोकांनी जीव गमावले. आणि त्या सेल्युकिड राज्याची राजधानी कुठली? हेच अंत्युखिया! ज्या गोष्टींसाठी पूर्वज मेले, त्या ‘आता नाही पाळल्या तरी चालतील’ असं त्याच शहरात कुणी म्हणत असेल, तर पोटात गोळा येणारच.

म्हणजे दोन्ही बाजूंचं काहीतरी खरोखर पणाला लागलं होतं. एका बाजूला पूर्वजांशी निष्ठा, दुसऱ्या बाजूला नव्याने आलेल्या माणसाला पूर्ण माणूस म्हणून शेजारी बसवणं.

पौलाचं म्हणणं: क्रम बघा

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे पौलाचा युक्तिवाद वाचताना मला सगळ्यात आधी क्रम दिसतो. कुठली ओळ आधी चालते, कुठली नंतर.

पौल अब्राहामाचं उदाहरण घेतो. उत्पत्तीच्या पुस्तकात पंधराव्या अध्यायात अब्राहाम देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि तेवढ्यावर देव त्याला नीतिमान धरतो. त्याची सुंता होते सतराव्या अध्यायात, वयाच्या 99व्या वर्षी. मधल्या काळात इश्माएल जन्मून तेरा वर्षांचा झालाय. म्हणजे दोन्हींत निदान तेरा वर्षांचं अंतर. आणि मोशेचं नियमशास्त्र तर पौलाच्या हिशेबाने 430 वर्षांनी आलं. मग नंतर आलेली गोष्ट आधीच्या गोष्टीची अट कशी होईल?

हे नीट पकडा, कारण सगळा वाद ‘अट’ या शब्दात आहे. सुंता करणं वाईट आहे असं पौल म्हणत नाही. त्याने तीमथ्याची, ज्याची आई यहुदी होती, सुंता करून घेतली. पण तीत ग्रीक होता, आणि त्याच्यावर ती लादायची वेळ आली तेव्हा पौल अजिबात झुकला नाही. तीच क्रिया, एकदा चालली आणि एकदा नाही. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी ती प्रवेशाचं तिकीट होऊ पाहत होती.

यरुशलेममध्ये यावर बैठकही झाली, साधारण इसवी सन 49च्या आसपास. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पंधराव्या अध्यायात ती आहे. तिथे पेत्र उभा राहून परराष्ट्रीयांची बाजू घेतो. जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्याला पेललं नाही ते त्यांच्या मानेवर कशाला, असा त्याचा सूर. शेवटी याकोब निवाडा देतो: सुंतेची सक्ती नाही, पण मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि व्यभिचार यांपासून दूर राहा. चारांतल्या तीन गोष्टी खाण्याच्या आहेत, बघा. एका पंगतीत बसता यावं म्हणून काढलेली ती वाट होती, असं बरेच अभ्यासक म्हणतात. ही बैठक आधी की अंत्युखियातलं भांडण आधी, यावर मात्र अजून वाद आहे.

मग याकोबाचं पत्र उलटं का बोलतं?

आता खरी गंमत. नव्या करारात याकोबाच्या नावाने एक पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात सरळ म्हटलंय की कृतीशिवायचा विश्वास मेलेला आहे आणि माणूस नुसत्या विश्वासाने नीतिमान ठरत नाही. ‘फक्त विश्वास’ हे दोन शब्द जोडीने नव्या करारात याच एका ठिकाणी येतात, आणि तेही नकारात! त्यावर कळस म्हणजे उदाहरण पुन्हा अब्राहामाचंच.

पण दोघांची पानं शेजारी ठेवून वाचा. पौल अब्राहामाच्या पंधराव्या अध्यायाबद्दल बोलतो, याकोब बाविसाव्या, जिथे अब्राहाम इसहाकाला अर्पण करायला निघतो. पौल ज्या ‘कर्मां’ना नाही म्हणतो, ती नियमशास्त्राची कर्मं आहेत, आणि भांडण पेटलेलं आहे सुंतेवरून, पंगतीवरून. याकोब ज्या ‘कर्मां’बद्दल विचारतो, ती वेगळी: दारात उपाशी, उघडा भाऊ उभा आहे आणि तू त्याला तोंडभरून आशीर्वाद देऊन पाठवतोस, याला काय अर्थ?

‘विश्वास’ हा शब्दही दोघांचा एक नाही. देव एक आहे हे तर भुतंही मानतात आणि थरथरतात, असं याकोब म्हणतो. म्हणजे त्याच्यासमोर नुसतं ‘मान्य आहे’ म्हणणारा माणूस आहे. पौलाचा विश्वास म्हणजे सगळा भार देवावर टाकणं. तोच पौल गलतीकरांना सांगतो की सुंता असणं-नसणं महत्त्वाचं नाही, प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वास महत्त्वाचा. हे वाक्य याकोबाच्या तोंडीही सहज शोभलं असतं.

दोघांमध्ये काहीच ताण नाही, असं मी म्हणत नाही. शब्द इतके जुळतात की एकाला दुसऱ्याचं म्हणणं, किंवा त्याचा कुणीतरी केलेला विपर्यास, ठाऊक असावा. पण ते एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देत नाहीयेत. प्रश्नच दोन आहेत.

ल्यूथरचा प्रश्न तिसराच

आता पंधराशे वर्षं पुढे, जर्मनीत. मार्टिन ल्यूथर हा मठवासी संन्यासी. उपास, प्रार्थना, पापांची कबुली, सगळं काटेकोर. तरी मन शांत नाही. केलं ते पुरेसं झालं का? त्याच्यासमोर अंत्युखियाची पंगत नव्हती, स्वतःचं घाबरलेलं मन होतं. पौल वाचताना त्याला सुटका सापडली: देव माणसाला कमाईवर नाही, कृपेने, विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरवतो. 1517मध्ये त्याने पापक्षमापत्रांविरुद्ध 95 मुद्दे मांडले. 1522च्या आपल्या जर्मन नव्या करारात त्याने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘फक्त’ हा शब्द घातला, जो मूळ ग्रीकमध्ये नाही. याकोबाच्या पत्राला तर त्याने गवताच्या काडीची उपमा दिली.

कॅथोलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत 1547 साली उत्तर दिलं. पुष्कळांना वाटतं, तिथे ‘कर्मांनी तारण’ असं ठरलं. तसं नाही. त्या निर्णयाच्या पहिल्याच नियमात कृपेशिवाय, नुसत्या स्वतःच्या कर्मांनी तारण होतं हे मत नाकारलंय. ‘फक्त विश्वास’ हेही नाकारलं. त्यांचं म्हणणं, कृपा सुरुवात करते, पण माणसाने तिला साथ द्यावी लागते आणि त्यात तो खरोखर बदलतो.

पुढे या वादाने युरोप फाटला. आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी, जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात, कॅथोलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघाने एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. गाभा असा: आपल्या गुणवत्तेने नाही, कृपेने आणि ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि सत्कर्मं ही त्याची फळं आहेत. 2006मध्ये मेथडिस्टही यात सामील झाले. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण एकमेकांवरचे जुने शाप आजच्या शिकवणीला लागू नाहीत, एवढं ठरलं.

ल्यूथरच्या वाचनाचा एक दुष्परिणामही सांगायला हवा. यहुदी धर्म म्हणजे पुण्याची खातेवही, असं चित्र त्यातून रूढ झालं. 1977मध्ये ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने त्या काळचं यहुदी साहित्य तपासून दाखवलं की तिथेही कृपाच आधी आहे. देव आधी मिसरच्या गुलामगिरीतून सोडवतो, मग सीनायवर आज्ञा देतो. नियम हे आत येण्याचं तिकीट नव्हतं, आत आलेल्यांनी जगायची रीत होती. पुन्हा तोच क्रम!

आणि आपल्याकडे: रमाबाईंचं ताट

आता जरा घराजवळ. पंडिता रमाबाईंनी 1883मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पण त्या शाकाहारीच राहिल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना यात जातीचा जुना अभिमान उरलेला दिसला. रमाबाईंनी पत्रांतून ठामपणे उत्तर दिलं. पूर्वजांच्या चालीरीती शक्य तितक्या पाळणार, आणि एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसरं चढवून घेणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता.

अंत्युखियात अट होती, खरा ख्रिस्ती व्हायचं तर हे खाऊ नकोस. वाँटेजला दडपण उलटं होतं, खरी ख्रिस्ती असशील तर हे सोवळं सोड. दिशा उलटी, पण अट तीच. पौलाने रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात चक्क फक्त भाजीपाला खाणाऱ्यांचा विषय घेतलाय. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. देवाने दोघांना जवळ केलंय.

रमाबाईंनी पुढे लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. तो साधारण आठ वर्षांनी भेटला. म्हणजे सगळे विधी झाल्यावरही ल्यूथरचा प्रश्न त्यांना सुटला नव्हता. आणि तो सुटल्यावर त्या हात जोडून बसल्या नाहीत. दुष्काळात सापडलेल्या मुलींना केडगावला आणून त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं. याकोबाच्या दारातला उपाशी माणूस त्यांना दिसला होता.

तर मग उत्तर काय?

मला समजलं ते असं. नव्या करारात विश्वास हे दार आहे. नियम, चांगली कृत्यं, शिस्त हे दाराच्या आतलं जगणं. कृत्यं दारावर आणून बसवली की पेत्रासारखा भला माणूसही पंगतीतून उठतो. आणि आत आल्यावर कृत्यंच दिसत नसतील, तर आपण खरंच आत आलो का, हे याकोब विचारणारच.

आज रात्री अर्धा तास काढा. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय आणि याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय एकापाठोपाठ वाचा. ख्रिस्ती असाल तर वाचताना स्वतःला विचारा, आपल्या मंडळीत ‘अजून काहीतरी कमी आहे’ असं आपण कुणाला जाणवून देतो? नसाल तरी विचारा, पंगती आपल्याकडेही आहेतच की.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.