फाळक्यांच्या नाशकात घरचं थिएटर

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि पुढे नाशिकमध्येच मुक्काम ठोकून चित्रपट काढले. त्यांच्या मूकपटांचे उरलेसुरले तुकडे आज मोबाइलवर शोधून दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावता येतात, ही केवढी मोठी सोय!

ही किमया टीव्हीमागे खोचायच्या बोटभर स्टिकची. गूगलचं क्रोमकास्ट २०१३ मध्ये निघालं. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ मध्ये आली. यूट्यूबवरून ‘कास्ट’ केलं की चित्रपट फोनमधून जात नाही. फोन फक्त पत्ता सांगतो, स्टिक थेट इंटरनेटवरून चित्र घेते. त्यामुळे मध्येच कॉल आला तरी सिनेमा चालू राहतो.

घोडं अडतं वायफायपाशी. फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेग सुचवतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपलीकडे तो टिकवणं कठीण. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीत लवकर क्षीण होते, २.४ ची लांब पोचते, पण वेग कमी. राउटर टीव्हीच्याच खोलीत आणणं सगळ्यांत स्वस्त उपाय.

आवाजाचं दुखणं वेगळंच. नवाकोरा साउंडबार जोडूनही तो मुका राहिला, तर आधी केबल कुठे खोचली ते बघावं. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं, तिथूनच आवाज साउंडबारकडे येतो. जुन्या होम थिएटरला ऑप्टिकल इनपुट असेल, तर ते भंगारात काढायची घाई नको. बऱ्याच नव्या टीव्हींना ते जोडता येतं.