दुकानात एसी आणि गॅस गीझर दोन्ही लावताय? बसवण्याआधी हे समजून घ्या



सलून, ब्युटी पार्लर, छोटं क्लिनिक, पेट ग्रूमिंग. यातला कुठलाही व्यवसाय सुरू करताना यादीत दोन गोष्टी असतातच: गिऱ्हाइकाला गारवा हवा म्हणून एसी, आणि गरम पाणी हवं म्हणून गीझर. लाइटचं बिल कमी येईल म्हणून बरेच जण गॅस गीझर घेतात. एसीवाला येऊन एसी लावून जातो, प्लंबर येऊन गीझर लावून जातो. दोघांची भेट होत नाही. एकाच १० बाय १५ च्या गाळ्यात ही दोन यंत्रं एकमेकांवर काय परिणाम करतील, हा प्रश्न दोघांपैकी कोणाच्याच कामात येत नाही. तो प्रश्न मालकाचा, म्हणजे तुमचा.

फिटिंग कसं होतं ते व्हिडिओत दिसतं, पण त्यामागचं कारण सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून इथे नीट लिहितोय. यातलं काही चुकलं तर नुसता पैसा जात नाही, माणूस जाऊ शकतो.

आधी तत्त्व समजून घ्या

अमेरिकेत बऱ्याच घरांना आणि दुकानांना हीटिंग आणि कूलिंग एकाच डब्यातून मिळतं. हा मोठा डबा घराबाहेर सिमेंटच्या ओट्यावर किंवा दुकानाच्या छतावर बसवलेला असतो. थंडीत त्यात गॅस जळतो, उन्हाळ्यात त्यातलाच कॉम्प्रेसर विजेवर चालतो. आत जाते ती फक्त गरम किंवा गार केलेली हवा, तीसुद्धा डक्टमधून. ज्योत बाहेर, धूर बाहेर, कॉम्प्रेसर बाहेर. ज्योत आणि खोलीतली हवा यांच्यामध्ये धातूची भिंत असते. तिला तडा गेला तर विषारी वायू आत येऊ शकतो, म्हणून दरवर्षी तपासणी करून घ्यायला सांगतात.

आपल्याकडे हे यंत्र लागत नाही, पण त्याचं तत्त्व जसंच्या तसं घ्यायचं: जळणारी गोष्ट आणि तिचा धूर माणसाच्या श्वासाच्या हवेत मिसळता कामा नये. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

एसी लावला की दुकान "बंद डबा" होतं

बऱ्याच जणांना वाटतं की एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो. स्प्लिट एसी तसं करत नाही. तो आतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो. बाहेरच्या युनिटमधून आत येतात फक्त तांब्याचे दोन पाइप आणि वायर. गारवा टिकावा म्हणून आपण काचेचा दरवाजा लावतो, फटी बुजवतो, खिडकी सील करतो.

आता त्याच गाळ्याच्या मागे हेअर वॉशची खोली आहे आणि तिथे गॅस गीझर आहे. हिशोब बघा. ६ लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. १ किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांची, ८ फूट उंचीची खोली म्हणजे जेमतेम साडेपाच घनमीटर. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत खोलीभर हवा ज्योतीनं वापरलेली असते.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची आगही होत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं थकवा आलाय, आणि तो तिथेच बसून राहतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे मृत्यू, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो त्या याच कारणाच्या. एसी लावलेल्या दुकानात ही बंद बाथरूम तुम्ही स्वतः तयार करत असता.

एक्झॉस्ट फॅनचा गैरसमज

बॅचमध्ये हमखास येणारं उत्तर म्हणजे "सर, एक्झॉस्ट फॅन लावतो ना." फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा कुठूनतरी आत यायला हवी. दरवाजा, खिडकी सगळं बंद असेल तर ती हवा गीझरच्या धुराच्या पाइपमधून उलटी आत खेचली जाते. म्हणजे जो धूर बाहेर जायचा, तोच आत येतो. म्हणून फॅनच्या आधी हवा आत येण्याची कायम उघडी जाळी हवी. ती बंद करता येईल अशी ठेवू नका. थंडी वाजते म्हणून कोणीतरी तिच्यात कापड कोंबतोच.

गीझर कुठे आणि कसा

१. सगळ्यात चांगली जागा म्हणजे दुकानाबाहेर, मागच्या मोकळ्या बाजूला, पावसापासून आडोसा करून. आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. हेच ते अमेरिकन डब्याचं तत्त्व.

२. बाहेर जागा नसेल, तर धुराचा पाइप थेट उघड्या हवेत गेला पाहिजे. पोटमाळ्यावर, फॉल्स सीलिंगच्या वर किंवा इमारतीच्या बंद डक्टमध्ये सोडलेला धूर बाहेर गेला असं होत नाही. डक्टमधून तो वरच्या घरांच्या बाथरूममध्ये शिरू शकतो.

३. हे दोन्ही जमत नसेल तर गॅस गीझर घेऊ नका. १५ किंवा २५ लिटरचा इलेक्ट्रिक गीझर घ्या. महिन्याला बिल थोडं जास्त येईल, ते सर्व्हिसच्या दरात बसवा. या मुद्द्यावर मी कोणालाही सवलत देत नाही.

४. गीझर आयएसआय मार्कचा आणि ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होणारा घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, काजळी धरली, तर वापर थांबवून मेकॅनिक बोलवा.

सिलिंडरचं काय?

व्यवसायासाठी घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर वापरणं बेकायदेशीर आहे. व्यावसायिक कनेक्शन घ्या, १९ किलोचा निळा सिलिंडर येतो. दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. दुर्घटना झाली आणि पंचनाम्यात लाल सिलिंडर सापडला, तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

रेग्युलेटर गीझरला चालणारा लो प्रेशरचाच हवा. हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर गीझरला लावायचा नाही. एजन्सीला "गीझरसाठी हवाय" असं स्पष्ट सांगून घ्या. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा होजच घ्या, दीड मीटरपर्यंतच ठेवा आणि तिच्यावरची तारीख बघून ५ वर्षांच्या आत बदला. भिंतीतून रबरी नळी न्यायची नाही. अंतर जास्त असेल तर पक्की पाइपलाइन करून घ्या. जोड तपासायचे ते साबणाच्या पाण्यानं. काडी पेटवून कधीच नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो आणि खड्ड्यात, गटारात, तळघरात साठतो. म्हणून सिलिंडर उभा, जमिनीच्या पातळीवर, मोकळ्या हवेत ठेवा. तळघरात किंवा गटाराच्या झाकणाजवळ नको.

आता एसीचं बाहेरचं युनिट

इथे दोन "गॅस"चा गोंधळ होतो. गीझरचा गॅस जळण्यासाठी असतो. एसीचा गॅस जळण्यासाठी नसतो, तो उष्णता उचलून बाहेर टाकतो. पण आजकालच्या बहुतेक नव्या एसींमध्ये आर-३२ असतो आणि तो सौम्य ज्वलनशील आहे. काही मॉडेलमध्ये आर-२९० असतो, तो म्हणजे चक्क प्रोपेन. शिवाय आर-३२ गळून गीझरच्या ज्योतीत गेला तर विषारी वायू तयार होतो. म्हणून एसीच्या पाइपचे जोड गीझरच्या खोलीत ठेवायचे नाहीत. कोणता गॅस आहे ते युनिटच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. विकत घेतानाच वाचा.

जागा ठरवताना चार गोष्टी बघा:

– सिलिंडरपासून अंतर. युनिटमध्ये फॅनची मोटर आहे, विजेचे जोड आहेत, ठिणगी पडू शकते. मी किमान ३ मीटर अंतर ठेवायला सांगतो. तेवढं जमत नसेल तर दोन्ही वेगवेगळ्या भिंतींना घ्या. युनिटखाली सिलिंडर ठेवणं तर नकोच.

– गीझरच्या धुरापासून अंतर. फॅनच्या झोतानं धूर उलटा ढकलला जाऊ शकतो आणि धुरातल्या ओलाव्यानं कॉइल गंजते. एकाच अरुंद डक्टमध्ये दोन्ही नको.

– मोकळी हवा. युनिट मागून हवा घेतं आणि पुढे फेकतं. मागे-पुढे किती जागा सोडायची ते मॅन्युअलमध्ये असतं, ते पाळा. समोर बोर्ड किंवा फ्लेक्स आला तर गरम हवा परत आत खेचली जाते, कॉम्प्रेसर तापतो, बिल वाढतं.

– भिंत. दीड टनाचं युनिट साधारण २५ ते ३५ किलोचं असतं आणि दिवसभर थरथरतं. पक्क्या भिंतीत अँकर फास्टनर हवेत. छज्ज्याच्या कडेला, नुसत्या प्लास्टरवर किंवा पोकळ ब्लॉकवर भरवसा ठेवू नका. खाली फुटपाथ असेल तर दुप्पट काळजी घ्या. कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेनं स्टँड गंजतो. गॅल्व्हनाइज्ड स्टँड घ्या आणि दर पावसाळ्यानंतर बोल्ट तपासा.

उंचीवर काम असेल तर मेकॅनिकनं सेफ्टी बेल्ट घातलाच पाहिजे, आणि तो पक्क्या ठिकाणी बांधलेला हवा. खिडकीच्या ग्रिलला नाही. "सवय आहे साहेब" असं म्हणाला तर काम थांबवा.

फिटिंग होताना तुम्ही काय बघायचं

मेकॅनिकचं काम तुम्हाला यायची गरज नाही, पण तीन गोष्टी विचारा. व्हॅक्यूम पंप आणलाय का? पाइपमधली हवा आणि ओलावा पंपानंच काढायचा असतो, थोडा गॅस सोडून "हवा काढली" हे चालत नाही. लीक टेस्ट कशानं करणार? उत्तर नायट्रोजन हवं. ऑक्सिजननं प्रेशर दिलं तर तेलाशी संबंध येऊन स्फोट होऊ शकतो. आणि वेल्डिंग करायचं असेल तर आधी लाइनमधला गॅस पूर्ण काढणार का? भरलेल्या लाइनला ज्योत लावायची नाही.

वीज: एसीला डीबीपासून स्वतंत्र लाइन, तिचा स्वतःचा एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि खरं अर्थिंग हवं. वायरची जाडी लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनला ठरवू द्या. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॉट, इलेक्ट्रिक गीझर २ किलोवॉट, वर ड्रायर आणि दिवे. मीटरचा मंजूर लोड तेवढा आहे का ते बघा. नसेल तर आधी लोड वाढवण्याचा अर्ज करा, मग मशीन घ्या. गाळा भाड्याचा असेल तर भिंत फोडण्याआधी मालकाची आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

स्टाफला शिकवलं नाही तर सगळं वाया

दुकान तुम्ही मांडता, पण दिवसभर आत असतात ती तुमची मुलं-मुली. कागदावर छापून गीझरजवळ लावा:

– गॅसचा वास आला: कुठलाही स्विच चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, सगळे बाहेर या. बाहेरूनच १९०६ वर फोन करा. आग लागली तर १०१.

– डोकं दुखतंय, गरगरतंय, आणि एकापेक्षा जास्त जणांना होतंय: लगेच उघड्या हवेत या. शक्य असेल तर बाहेर पडताना गीझर बंद करा, नाहीतर थेट बाहेर. मग १०८.

– रात्री शटर ओढण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावा. तो माणसाच्या श्वासाच्या उंचीवर लावायचा. एलपीजीचा अलार्म वेगळा असतो, तो जमिनीजवळ लावायचा. एकाचं काम दुसरा करत नाही.

पैसे देण्याआधी

शेवटचा हप्ता देण्याआधी एकदा दुकान नेहमीसारखं चालवून बघा. दरवाजा बंद, एसी चालू, एक्झॉस्ट चालू, गीझर चालू. गीझर आत असेल तर धुराच्या पाइपच्या सुरुवातीला अगरबत्ती धरा. तिचा धूर पाइपकडे ओढला जातोय की खोलीत परत येतोय ते बघा. परत येत असेल तर गीझर लगेच बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत पैसे थांबवा. बिल, वॉरंटी कार्ड, फास्टनर आणि जोडांचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा.

दुकानाचा नकाशा फर्निचरवाल्याला देण्याआधी त्यावर तीन खुणा करा: सिलिंडर इथे, गीझरचा धूर इथून बाहेर, एसीचं युनिट इथे. या तीन जागा आधी ठरल्या की आरसे, खुर्च्या, काउंटर त्यांच्याभोवती आरामात बसतात. तुमच्या गाळ्यात जागेची अडचण असेल तर त्या तीन खुणांसकट नकाशा कमेंटमध्ये लिहून कळवा, पुढच्या व्हिडिओत त्यातले काही सोडवून दाखवतो.